कोणत्या कलमाखाली बसताय?

सर्वप्रथम एक खुलासा. भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदराविरुद्ध मी संपादकांना दोन वेळा लेखी हरकत कळवलेली आहे. पिंपळावरच्या बाया, पांढऱ्या साड्या, आपोआप उघडणारी दारे... असला मजकूर छापून आपण वाचकांची दिशाभूल करीत आहात आणि जादूटोणाविरोधी कायदा आपण एकदा तरी वाचावा, असे मी त्यात स्पष्ट म्हटले होते. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. ज्या टेकडीला खुद्द वेताळाचे नाव आहे तिच्यावर मी निवृत्तीपासून रोज सकाळी धावतो. वेताळ एकदाही आडवा आलेला नाही. आडवी येतात ती मोकाट कुत्री आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणारी माणसे, आणि त्या दोघांविषयीचे माझे अर्ज योग्य त्या ठिकाणी पोहोचलेले आहेत.

तेव्हा पुढचा मजकूर श्रद्धा म्हणून नव्हे, साक्ष म्हणून वाचावा.

मी कर्वेनगरला राहतो. एका बँकेच्या विधी विभागातून निवृत्त झालो. मधुमेहासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि चालण्याचे धावणे कधी झाले ते माझे मलाच कळले नाही. माझ्या धावण्याला तरुण मंडळी हसतात, हसोत. टेकड्या, वनखात्याची रोपवने, धरणांच्या काठचे कच्चे रस्ते, पुण्याभोवतीच्या अशा बऱ्याच वाटा मी पायांखाली घातल्या आहेत. पळस फुललेला असताना वाळक्या गवतातून एकट्याने धावण्यात जे सुख आहे, ते मला न्यायालयाच्या कोणत्याही निकालाने दिलेले नाही.

घटना तीन-चार वर्षांपूर्वीची, फेब्रुवारी संपत आलेला. स्थळ — कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून पश्चिमेला सिंहगडाकडे जाणारी डोंगररांग. काही हौशी मंडळींनी तिथे एक ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटेवरची धावण्याची शर्यत, ठेवली होती. त्यांची नियमावली मी बारकाईने वाचली. तिच्यातल्या दोन तरतुदी माझ्या कामाच्या होत्या. एक, प्रत्येक पाण्याच्या टेबलावर केळी आणि गूळ-शेंगदाणे मिळतील. दोन, सर्वांत शेवटच्या धावपटूच्या मागे आयोजकांचा एक माणूस अखेरपर्यंत चालेल. या माणसाला ते ‘स्वीपर’ म्हणतात. मी नेहमी शेवटचाच असतो, त्यामुळे हे कलम जणू माझ्यासाठीच लिहिलेले होते.

आदल्या संध्याकाळी माझी पत्नी मालती म्हणाली, “अहो, खिशात थोडी खडीसाखर ठेवा. शुगर उतरली तर?”

“जे देण्याचे त्यांनी लेखी कबूल केले आहे, ते मी घरून का न्यावे?”

“चक्कर आली तर नियमावली उचलायला येणार आहे का तुम्हाला?”

मी तत्त्वाचा प्रश्न समजावून सांगितला. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी जिंकलो असे मला वाटले.

सकाळी पायथ्याशी मी मुख्य आयोजक मुलीला, केतकीला, दोन्ही तरतुदींची आठवण करून दिली.

“काका, नियम वाचणारे तुम्ही एकटेच दिसताय,” ती हसून म्हणाली.

“सह्या मात्र सगळ्यांनी केल्या आहेत.”

“अहो, असणार तुमच्या मागे आमचा माणूस. डोन्ट वरी.”

निघालो. पहिला चढ संपेपर्यंत पुढचे सगळे दिसेनासे झाले. मला त्याचे काही नव्हते. वारा गार होता, दोन्ही बाजूंना दऱ्या धुक्यात होत्या आणि मोज्यांना कुसळे टोचत होती. दुसऱ्या पाण्याच्या टेबलावर पोहोचलो, तर केळ्यांच्या जागी केळ्यांची साले.

“सॉरी काका, पुढच्यांनी दोन-दोन नेली,” तिथली मुलगी म्हणाली.

“आणि गूळ?”

“तोही...”

“म्हणजे शेवटच्याने सालं खायची?”

“पाणी आहे ना काका, भरपूर आहे!”

मी पाणी प्यालो आणि संतापाने पुढे निघालो. धावता धावता आयोजकांना लिहायच्या पत्राचा मसुदा मनात जुळवू लागलो. ‘महोदया, आपण दिलेल्या लेखी आश्वासनाचा...’ इथवर यायचे आणि वाक्य सुटून जायचे. पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा सुटायचे. हातांना कंप सुटला, कपाळावर गार घाम आला. मधुमेही माणसाला याचा अर्थ माहीत असतो. पण या अवस्थेचा घात असा, की आपल्याला काय माहीत आहे तेच आठवेनासे होते. मोबाइलला रेंज नव्हती. वाटेत एक जांभळाचे झाड आले. त्याच्या सावलीत क्षणभर टेकावे, डोळे मिटावे, एवढेच मला हवे होते. मी वाकलो — आणि मागून आवाज आला.

“बसताय? झाड सरकारी आहे. अर्ज केलाय का?”

स्वच्छ, शांत, आपल्या पुण्याच्या पेठांतला आवाज. आयोजकांचा स्वीपर, दुसरे कोण! असल्या माणसाला मान वळवून महत्त्व द्यायचे नाही, म्हणून मी मागे पाहिले नाही.

“वनजमिनीवर घटकाभर बसायला परवानगी लागत नाही,” मी म्हणालो.

“असं? कोणत्या कलमाखाली?”

वाचकहो, उभी हयात कायद्यात गेलेला माणूस मी. आणि मला कलम आठवेना. अमुक एक कलम नव्हे, कायद्याचे नावसुद्धा आठवेना!

“आठवलं की बसा,” आवाज म्हणाला. “तोवर चाला.”

मी चालू लागलो. झोप यायची, पाय अडखळायचे, पण संताप एवढा की थांबता येईना. मागे गवत तुडवल्याचा आवाज येत होता, माझ्या पावलांच्या किंचित मागे पडणारा. पुढे वाट फुटली. खुणेची फीत कुठेच नव्हती. डावीकडची वाट उताराची होती, म्हणून मी तिकडे वळलो.

“तिकडे काय काढलंत?”

“फीत बांधणे ही तुमची जबाबदारी आहे!”

“आहेच. मग दरीत पडून निषेध नोंदवणार का?”

मी उजवीकडे वळलो. डाव्या वाटेचा उतार पुढे तुटलेला होता, हे मला नंतर गावकऱ्यांकडून समजले.

“मागच्या खिशात काय आहे?” थोड्या वेळाने प्रश्न आला.

“या चड्डीला मागे खिसा नाही.”

“स्वतःच्या चड्डीची माहिती नाही, आणि निघालेत वनकायदा शिकवायला.”

केवळ त्याला खोटे पाडण्यासाठी मी हात मागे नेला. कमरेच्या पट्ट्याखाली बोटभर चेन लागली. आत प्लॅस्टिकच्या चिंधीत गुंडाळलेल्या लिमलेटच्या गोळ्या होत्या.

“खा,” आवाज म्हणाला. “चावून खा. चघळत बसू नका, बढतीचा पेढा मिळाल्यासारखे.”

मी कडाकडा चावून खाल्ल्या. कंप हळूहळू ओसरला. डोंगर पुन्हा डोंगरासारखे दिसू लागले, मसुद्यातले वाक्य आपोआप पूर्ण झाले. आता या इसमाला तोंडावर चार शब्द सुनवायचे, असे ठरवून मी गर्रकन वळलो.

मागे उघडा, बोडका डोंगरमाथा होता. लपायला एक झुडूप नाही. वाट दूरवर स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावर कोणीही नव्हते.

इतका चपळ माणूस शेवटी का चालतो, असा विचार करीत — खरोखर, तेव्हा मनात एवढाच विचार आला — मी शेवटचा उतार उतरलो. खाली केतकी धावतच आली. तिला बोलू न देता मी म्हणालो, “तुमचा स्वीपर अत्यंत उद्धट आहे. त्याचे नाव मला लेखी हवे.”

“काका... कोणता स्वीपर?”

“जो माझ्या मागे होता तो!”

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने जीपकडे बोट केले. तिथे एक दाढीवाला तरुण पाय मुरगळलेल्या बाईंचे बँडेज नीट करत होता. हाच त्यांचा स्वीपर. पहिल्या चढावरच त्या बाई पडल्या, त्यांना घेऊन तो परत फिरून जीपने इथे आला होता आणि दुसऱ्या कोणाला पाठवायचे राहून गेले. “काका, तुमच्या मागे कोणीच नव्हतं,” केतकी रडवेली होऊन म्हणाली. “आत्ता दोघांना तुम्हाला शोधायला पाठवत होते.” मी त्या तरुणाला दोन वाक्ये बोलायला लावली. आवाज अगदी वेगळा होता, शिवाय तो नागपूरचा निघाला.

घरी आल्यावर मालतीला सगळे सांगितले. गोळ्या तिनेच ठेवल्या होत्या, घड्या घालताना. “सांगितलं असतं तर तुम्ही काढून ठेवल्या असत्या,” ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, “तुमच्याशी एवढा वेळ वाद घालून टिकला, म्हणजे माणूस नव्हताच तो.”

तिने चहा पुढे केला. मी एक घोट घेतला आणि चहा निवला असल्याचे निदर्शनास आणले. माझ्या प्रत्येक तक्रारीला लग्नापासून तयार उत्तर देणारी ही बाई त्या वेळी पदराने डोळे पुसून कप घेऊन आत गेली, आणि गॅस पेटवल्यावरही पुष्कळ वेळ बाहेर आली नाही.

डॉक्टरांचे मत असे, की साखर उतरली की मेंदू आवाज निर्माण करतो आणि खिशातल्या गोळ्या धावताना शरीराला जाणवल्या असाव्यात. शक्य आहे, मी ते नाकारत नाही. पण माझ्याच मेंदूने मला असे निरुत्तर करावे, हे मला पटत नाही. वादात मी आजवर हरलेलो नाही आणि स्वतःकडून तर नाहीच. आयोजकांना मी सविस्तर पत्र लिहिले; त्यांनी चूक मान्य केली आणि आता ते शेवटी दोन माणसे ठेवतात. तो विषय संपला. दुसऱ्या विषयाचे मात्र मला काहीही स्पष्टीकरण सापडलेले नाही, आणि मी ते शोधणेही सोडून दिले आहे.

उद्धटपणाबद्दल मी आजवर कोणाला क्षमा केलेली नाही. त्या आवाजाचा मात्र मी ऋणी आहे. तो कुठल्या बाजूला असतो हे ठाऊक नसल्याने, टेकडी चढण्यापूर्वी मी रोज चारही दिशांना वळून हात जोडतो. परवा एका बाईंनी थांबून विचारले, “काका, हा कोणता व्यायाम?”

“वैयक्तिक बाब आहे,” मी म्हणालो, आणि धावायला लागलो.