मध्येच थांबलेलं गाणं

सकाळी सईच्या पायाचं ड्रेसिंग बदलून आम्ही मायलेकी दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर कॉलेजातल्या तीन मुली आदल्या संध्याकाळच्या रॉक कॉन्सर्टबद्दल तावातावाने बोलत होत्या.

"ड्रमरने तर आग लावली!"

"आणि शेवटचं गाणं मध्येच थांबवलं तेव्हा? अख्खं मैदान गप्प. काटा आला अंगावर."

"ते आधीच ठरवलेलं असणार."

त्या मैदानात आम्हीही होतो. मागून रेटा आला, सईचा हात माझ्या मुठीतून निसटला आणि ती खाली पडली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण ड्रमच्या दणदणाटात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मंचासमोरच्या कठड्याजवळ उभ्या कुणा अनोळखी बाईने दोन्ही हात उंच करून 'थांबा' अशी फुली दाखवली. गायिकेने ते पाहिलं आणि गाणं तोडलं. त्या शांततेत मला पायांच्या गर्दीतून "आई" ऐकू आलं.

ज्या क्षणाने त्यांच्या अंगावर काटा आणला, त्याच क्षणाने मला माझी मुलगी परत दिली. एकाच मैदानात उभी राहूनही माणसं किती वेगळी संध्याकाळ घेऊन घरी जातात!

"ठरवलेलं नव्हतं," सई त्यांच्याकडे वळून म्हणाली. "मी पडले होते."

"खूप लागलं का गं?" एकीने हळूच विचारलं.

"पायाला लागलं. पण नंतर ते गाणं परत वाजवलं ना? आम्ही तोवर निघालो होतो. कसं झालं?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि सरकून तिला बाकावर जागा करून दिली.