जर्मनीच्या चुका आणि माळेगावचं स्थळ

माझं लग्न जर्मनीतल्या एका माणसाशी ठरलं आहे, ही बातमी शेळगावात सगळ्यात शेवटी मला कळली.

तीही कधी? तर माळेगावचं स्थळ मला बघायला यायच्या दिवशी, सकाळी, पोह्यांचा कांदा चिरताना!

आधी त्या जर्मन माणसाची ओळख करून देते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला होते. (शिकवायला म्हणजे, पुस्तकात मुलांच्या एक पान पुढं असायचे.) क्लासचे मालक शिंदे सर. त्यांना एका मासिकाबरोबर फुकट सीडी मिळाली. तिच्यात जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर होतं. कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा, सगळ्यांना मुभा!

"फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार. तू तपास," सर म्हणाले.

सॉफ्टवेअर झकास होतं. गडबड होती ती त्याच्या माहितीपुस्तिकेत. प्रिंटर कसा जोडावा हे सांगणारा तो इंग्रजी मजकूर, आणि त्यात स्पेलिंगच्या एवढ्या चुका, की प्रिंटर जोडायचा राहिला बाजूला! 'रिसीव्ह'मध्ये आय आधी आणि ई नंतर! 'सेपरेट'च्या पोटात भलतीच ई घुसलेली! चुकीचं स्पेलिंग दिसलं की मला दातात पेरूची बी अडकल्यासारखं होतं. शेवटी लिहिलेलं होतं, 'चुका आढळल्यास कळवाव्यात', आणि खाली क्लाउस नावाच्या जर्मन लेखकाचा ईमेलचा पत्ता. मी कळवल्या. क्लासच्या ईमेलवरून, एकूण एक.

पाठवल्यावर मात्र धास्ती वाटायला लागली. ओळख ना पाळख, आणि परक्या माणसाच्या चुका काढून त्याच्या अंगावर फेकल्या! चिडला तर? क्लासवर खटला भरला तर? उत्तर येईना, तसतशी माझी भूक कमी होत गेली. त्यातच माळेगावच्या मंडळींचा निरोप आला आणि मी शेळगावला घरी गेले. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट होता. असं स्थळ दारात येणार म्हणून आईनं चादरी दोनदा धुतल्या होत्या.

तर, मी कांदा चिरत होते. आमच्या वस्तीवर फोन फक्त तात्यांकडे. तात्या म्हणजे माझ्या वडलांचे चुलतभाऊ. ते धोतराचा सोगा धरून पळत आले आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, बाजूला घेऊन कुजबुजले. (तात्यांची कुजबुज दोन वावरं ओलांडून जाते.)

"आबा, बारामतीवरनं पोरीच्या सरांचा फोन आल्ता. जर्मनीचं उत्तर आलंय म्हनं."

"कशाचं उत्तर?"

"कोन क्लाउस हाय. इंग्रजीत वाचून दावलं त्यांनी. 'ॲक्सेप्ट एव्हरीथिंग', म्हंजे समदं स्वीकारलं. 'कमिटेड', म्हंजे वचन दिलं. आन 'सेंड मोअर', म्हंजे अजून पाठवा. फुडं लाइनच तुटली."

"अजून काय पाठवा?" आबांचा आवाज चिरकला.

"हुंडा असंल. तिकडं बी असतोच की!"

माझ्या हातातला कांदा विळीवरच राहिला. 'कमिटेड' म्हणजे दुरुस्ती मूळ मजकुरात कायमची घातली, एवढंच त्या लोकांच्या भाषेत. पण हे सांगायला तोंड उघडणार, तोवर आई समोर उभी!

"सुनंदे, खरं सांग. कोन हाय ह्यो किलास?"

"क्लाउस, आई. मी त्याला पाहिलंसुद्धा नाही! मी फक्त त्याच्या चुका काढल्या."

"अगं सटवे, लग्नाआधीच चुका काढाय लागलीस?"

"लग्न नाही गं! लिहिण्यातल्या चुका! त्या त्यानं मान्य केल्या, बास!"

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आत्यांनी मान वर केली. "समद्या मान्य केल्या?"

"हो."

"भांडला न्हाय?"

"नाही."

"वर अजून काढा म्हनला?" आत्यांनी लसूण खाली ठेवला. "आबा, जर्मनी का असंना, देऊन टाक पोरगी. बाईनं काढलेली चूक मान्य करनारा बाप्या ह्या इंदापूर तालुक्यात तरी म्या बघितला न्हाय."

तेवढ्यात दारात जीप वाजली. माळेगावकर आले!

आबांनी फर्मान काढलं, "जर्मनीचं नाव कुनी काढायचं न्हाय!" तात्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मी साडी सावरून पोह्यांचा ट्रे घेऊन आत गेले. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याचं नाव विलास. त्याच्या वडलांनी मिशीवरून हात फिरवत साधाच प्रश्न टाकला.

"मुलगी काय करते?"

"बारामतीत कॉम्प्युटर शिकविती," आबा म्हणाले.

"आन परदेशाशी तिचा काडीचा संबंध न्हाय!" तात्या.

पाव्हण्यांच्या मिशीवरचा हात थांबला. "आमी कुठं तसं म्हनलं?"

"न्हाय, म्हंजे उगं सांगून ठिवलं. जर्मनीशी तर न्हायच न्हाय!"

आबांनी तात्यांच्या पायावर पाय दिला. चुकून तो पाव्हण्यांच्या पायावर पडला. पाव्हणे कळवळले, आईनं पाणी आणायला धाव घेतली, आणि त्या गोंधळात अंगणात स्कूटर थांबली. शिंदे सर! फोन तुटला म्हणून बारामतीहून धुळीनं माखून आलेले, हातात छापील कागद, चेहऱ्यावर वरबापाचा आनंद!

"अभिनंदन, सुनंदा!" सर उंबऱ्यातूनच ओरडले. "क्लाउस तुझं नाव लावणार आहे!"

पाव्हणे उभे राहिले. चप्पल शोधायला लागले. मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी एका दमात सगळं सांगून टाकलं: सीडी, प्रिंटर, रिसीव्हमधला आय, सगळं! कुणाला काही कळलं नाही. विलासचे वडील म्हणाले, "चल विलास. ठरलेली पोरगी दावत्यात आपल्याला!"

पण विलास उठला नाही. त्यानं सरांच्या हातातला कागद मागून घेतला आणि शांतपणे वाचला. मी पदराचं टोक चावत होते. मग तो पहिल्यांदाच बोलला.

"अण्णा, बसा. हा माणूस पुस्तिकेच्या शेवटी आभार मानून तिचं नाव छापणार आहे. लग्नाचा काही संबंध नाही."

"कशावरनं?"

"त्यानं सुरुवातच केलीय, 'डिअर मिस्टर सुनंदा'."

"मिस्टर म्हंजे?"

"म्हणजे तो यांना पुरुष समजतोय."

वरबापांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि असे हसले की मिशीतले पोहे उडाले. "मग लगीन कसं लागंल!" ते म्हणाले आणि चप्पल सोडून परत बसले. तात्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. (तोही दोन वावरं ऐकू गेला असावा.) आत्या तेवढ्या नाराज दिसल्या.

जाताना विलासनं दारात विचारलं, "त्या क्लाउसला अजून चुका पाठवणार?" मी म्हटलं, "पाठवीन की. तुमची काही हरकत?" तो म्हणाला, "माझं इंग्रजी कच्चं आहे. एवढं आधी सांगून ठेवतो." पुढच्या पंचमीला मी माळेगावची सून होते.

पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. सगळी स्पेलिंगं अचूक. शेवटी आभारात मात्र साऱ्या जगासमोर ठळक अक्षरांत छापलेलं: 'मिस्टर सुनंदा, इंडिया'.

ही एक चूक मी क्लाउसला आजतागायत कळवलेली नाही. दुरुस्त केली, तर सासरे परत चप्पल शोधायला लागतील!