आईच्या पाठीवरून चालताना

कंबरदुखीपायी पाटोद्यात योगवर्ग लावला. पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पालथ्या पडा, अंग सैल सोडा." चटईच्या सुक्या वासासरशी मी लहानपणीच्या, ऊसतोडीवरच्या आमच्या खोपीत पोचले.

दिवसभर मोळ्या वाहून आई उसाच्या पाचटावर पालथी पडली होती. मी खोपीची मेढ, तो मधला खांब, धरून तिच्या पाठीवरून चालत होते.

"सावकाश गं माय. मी श्वास सोडला की मगच पाय टाक," म्हणता म्हणता तिला झोप लागली. उतरले तर ती जागी होईल, म्हणून चुलीवरचं कालवण करपलं तरी मी तशीच उभी राहिले. तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होते. तेव्हा मला तो झोका वाटला होता.

"आता श्वासाकडे लक्ष द्या," बाई म्हणाल्या.

माझं लक्ष तळपायांकडे गेलं.