छत्रीच्या काडीची नोंद

मामांच्या एका खिशात कायम जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे असत. एका मापाचे, धुतलेले, घडी घातलेले. दुसऱ्या खिशात मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी. ही दोरी पिस्तुलाच्या नळीत मागून ओवायची, तिला बनियनचा तुकडा बांधायचा आणि एका दमात पुढून ओढून काढायचा. आमच्या नेमबाजी क्लबातली सगळी शस्त्रं मामा अशीच साफ करत. घरातले बनियन संपले की सुलतान बाजारातल्या कटपीसच्या दुकानात जाऊन मऊ कापड चाचपून बघत. दुकानदार विचारायचा, "क्या मामू, पोता हुआ क्या?" मामा गंभीरपणे सांगायचे, "हौ. बावीस बोअर का."

क्लबात सगळेच ज्यांना मामा म्हणत, ते मूळचे नांदेडकडचे. पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त होऊन ते क्लबात आर्मरर म्हणून आले. शस्त्रं सांभाळणं, दुरुस्त करणं आणि कपाटाची किल्ली कमरेला बाळगणं हे त्यांचं काम. मी तेव्हा क्लबचा सेक्रेटरी होतो. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, त्यामुळे माझ्या शब्दाला क्लबात वजन होतं. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण जिथे ते वजन खर्च करायचं होतं तिथे मी ते केलं नाही.

नव्या माणसाला मामा पहिला महिनाभर नेम धरूच देत नसत. शस्त्र रिकामं आहे का ते तीनदा बघायचं आणि साफ करायचं, एवढंच. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "आधी नळीतून बघायला शिका, मग नळीवरून." पण सर्वांत मोठा नियम दुसराच होता. नळीच्या तोंडातून लोखंडाची कुठलीही वस्तू आत घालायची नाही. "गोळीला शेवटचा हात नळीच्या तोंडाचा लागतो, साहेब. तिथं एवढासा टवका उडाला की गोळी घर विसरती."

क्लबात बावीस बोअरचं एक जुनं परदेशी पिस्तूल होतं. पंचवीस मीटरवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून त्यातून पाच गोळ्या मारल्या की मामा त्या कागदावर जुन्या काळचं मोठं रुपयाचं नाणं ठेवत. पाचही भोकं नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. मग नाणं उचलून कपाळाला लावत आणि खिशात टाकत. मी इतकी वर्षं पाहिलं, ते पिस्तूल या परीक्षेत कधी नापास झालं नाही. माझ्या हाती लागेपर्यंत.

मामा भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले होते. किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. त्या रविवारी मी एकट्यानेच भरपूर सराव केला आणि सफाईला बसलो. बनियनचा तुकडा मी दुमडून जाड केला, म्हणजे एकाच फेऱ्यात काम होईल. तो नळीत मध्येच अडकला, ओढायला गेलो तर दोरी तुटली. मामा यायची वाट बघायला हवी होती. पण सेक्रेटरीने असा घोळ घातलेला मामांना दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात. कोपऱ्यात माझी मोडकी छत्री होती. तिची एक काडी उपटून सरळ केली, नळीच्या तोंडातून आत घातली आणि हिसके देऊन तुकडा मागे ढकलून काढला. पिस्तूल पुसून कपाटात ठेवलं, काडी फेकून दिली.

आठवड्याभरात तक्रारी आल्या. नाण्याखाली सोडा, बशीखालीही पाच भोकं मावेनात. मामांनी भिंग लावून पाहिलं आणि मला बोलावलं.

"साहेब, ही नळी झिजलेली नाई. तोंडाला मार लागलाय. बघा, खालच्या अंगाला."

मी भिंगातून बघितलं. ओरखडा स्पष्ट दिसत होता.

"असं?" मी म्हणालो.

अकरा वर्षं मी त्या एका शब्दाबरोबर काढली आहेत.

कमिटीची बैठक बसली. नळी बदलायची की दुसरं पिस्तूल घ्यायचं? दोन्हींकडे परवान्यांची आणि परवानग्यांची लांबलचक वाट होती. मामांना आत बोलावलं. ते म्हणाले, "दोन्ही नक्को. परवानावाल्या कारागिराकडून तोंड सूतभर कापून नवं करून घ्या. आतली नळी अजून कवळी हाय, झिजली नाई."

अध्यक्ष आधीच वैतागलेले. म्हणाले, "वो सब ठीक है मामू, मगर खराब किसने किया? चाबी तो तुम्हारेच कमर में रहती."

मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी समोरच्या रजिस्टरात काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. मग मामा म्हणाले, "चीज माझ्या ताब्यातली हाय. जवाबदारी माझी."

रजिस्टरात खरंच लिहावं लागलं तेव्हा मी लिहिलं: आर्मररच्या हलगर्जीमुळे नळी निकामी झाली, नवीन पिस्तूल घ्यावे. अक्षर माझं, सही माझी. ज्याने ती नळी पोटच्या पोरासारखी जपली, त्याच्यावर कारागिराच्या जातीला सर्वांत लागणारा शब्द मीच चिकटवला. दुसऱ्या दिवशी मामांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "नजर कमी झाली साहेब," म्हणाले आणि गेले.

गेल्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा निघाला. नवे नेमबाज वाढले, तेव्हा घेतलेलं एक पिस्तूल पुरेना. कपाटातल्या त्या जुन्याची नळी बदलायची की आणखी एक घ्यायचं? हल्लीची सेक्रेटरी तरुण मुलगी आहे. जुना माणूस म्हणून तिने मला बैठकीला बोलावलं होतं. तिने जुनं रजिस्टर उघडून माझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "काका, ये आर्मरर कौन थे? बहुत केअरलेस थे क्या?"

त्या खोलीत मामांना ओळखणारे दोघंच होतो, मी आणि म्हातारे झालेले अध्यक्ष. बाकीच्यांसाठी मामा म्हणजे फक्त ते एक वाक्य होतं. मी खुर्चीला धरून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. काडी, दोरी, "असं?", सगळं.

अध्यक्ष म्हणाले, "छत्री की काडी? या अल्ला! तुम मियाँ, सेक्रेटरी होके?" आणि ते हसायलाच लागले. हसता हसता त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "मैं मामू को किता बोला उस दिन," एवढंच म्हणाले.

रजिस्टरातलं खोडता येत नाही. म्हणून त्याच पानावर, खालच्या मोकळ्या जागेत मी खरी हकिगत लिहिली, सही केली. कमिटीने मामांचा जुना सल्ला मानला. कारागिराने तोंड सूतभर कापून नवं केलं. सेक्रेटरीने वाळूच्या पिशवीवरून पाच गोळ्या मारल्या, तो कागद घेऊन मी गौलीगुड्यात मामांच्या घरी गेलो.

मामा खाटेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. त्यांनी मान हलवली.

"ठाऊक होतं की. त्या इतवारी चावी तुमच्यापाशीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या शब्दापुढं माझा शब्द कुठं टिकणार होता, साहेब? ते तुम्हीच बोलायचं होतं." मग त्यांनी विचारलं, "मला एकट्यालाच सांगायलाव का तिथंबी सांगितलं?"

"सगळ्यांसमोर सांगितलं. रजिस्टरात लिहिलंय."

"मग झालं. बसा आता."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. डोळ्यांना दिसेना, तेव्हा बोटाने भोकं चाचपली. उशाखालून नाणं काढून वर ठेवलं आणि कडेने बोट फिरवलं. एकही भोक बोटाला लागलं नाही. नाणं कपाळाला लावून म्हणाले, "बोललो होतो का नाई? कवळी हाय म्हणून."

मला हो म्हणायचं होतं, पण चष्म्यातून काही दिसेना झालं होतं. मामांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी खिशात हात घातला आणि बनियनचा एक चौकोनी तुकडा पुढे केला.

"पुसा साहेब," म्हणाले. "दुमडू नका मात्र."