बाल्कनीतलं सरपण

मी औंढं सोडलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि घरात दिवा लागलेला होता. आषाढ चालू होता. आमच्याकडे आषाढात दिवसा दिवा लावण्याचं कुणाला नवल वाटत नाही. रिक्षा आली, बाबांनी बॅगा चढवल्या आणि माझ्या शेजारी बसले. ते लोणावळा स्टेशनपर्यंत येणार होते. आई दारात उभी राहून लांबवर बघत होती, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे रिक्षा दहा पावलं गेली आणि धुक्यात आईच काय, घरसुद्धा दिसेनासं झालं.

बॅगा तिनंच भरल्या होत्या. चार दिवस ती तेवढंच करत होती. इंद्रायणी तांदूळ, सुकट, भाजणी, काळा मसाला, आणि उरलेल्या जागेत माझे कपडे. वजन जास्त होईल म्हणून मी दोनदा तांदूळ काढून ठेवला, तिनं तीनदा परत घातला. तितं मिळंल न मिळंल, एवढंच म्हणायची. मी तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये होते आणि त्याच कामासाठी स्वीडनच्या उत्तरेला एका लहान शहरात चालले होते. नकाशात गाव दाखवलं तेव्हा आई म्हणाली होती, हितं तर कागदच संपतो की.

तिकडच्या लोकांना माझी फार दया यायची. उन्हाच्या देशातली बाई, हिचं अंधारात कसं व्हायचं. लॅबमधल्या एकीनं मला सकाळी अर्धा तास मोठ्या दिव्यासमोर बसायला सांगितलं, दुसरीनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. मी दिव्यासमोर बसले, गोळ्याही घेतल्या. पण अंधाराचा मला फारसा त्रास झाला नाही. वर्षातले चार महिने सूर्य न बघताच मी लहानाची मोठी झाले आहे. कपडे आठ आठ दिवस ओले, चपलांना बुरशी, समोर डोंगर आहे हे लक्षात ठेवायचं कारण तो दिसत नाही. उत्तरेला हेच सगळं असतं, फक्त पांढरं आणि कोरडं. एक गोष्ट मात्र खटकली. बर्फ पडताना आवाज होत नाही. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की आमचं घर मिटायचं, माणसं आत यायची. इथं सकाळी पडदा सारावा तर रस्ता गायब, आणि कुणी काही बोललेलं नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना हे ठाऊक असेल की नव्या गावात माणूस आधी ओळखीचं काहीतरी शोधतो. मला ते ऑगस्टच्या शेवटी सापडलं. लोक रानात जाऊन बोरांएवढी निळी, लाल फळं बादल्या भरभरून आणतात आणि फ्रीजरमध्ये ठेवतात. ज्यांची स्वतंत्र घरं आहेत ते लाकडं फोडून भिंतीशी रचतात. ही आपली बेगमी. पाऊस लागायच्या आधी आई गोवऱ्या माळ्यावर चढवायची, बंबासाठी फोडलेली लाकडं पडवीत रचायची, पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा बांधून घ्यायची. मी स्वतः मात्र काहीच साठवलं नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, घरं तापवायला गरम पाणी सगळ्या शहराला पाइपातून येतं, आणि दुकान कोपऱ्यावर आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी औंढ्याला गेले, पंधरा दिवस राहिले, परत आले. शेत काका बघू लागले आणि आई घरात एकटी राहिली. फोनवर ती कधी तक्रार करत नसे आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. गेल्या वर्षी जूनमध्ये तीन महिन्यांचा व्हिसा काढून मी तिला इकडे आणलं. मनातला बेत वेगळा होता. तिला कायम इथं ठेवून घेण्यासाठी लागणारे सगळे कागद मी भरून ठेवले होते. फक्त तिची सही बाकी होती. विचारलं की ती म्हणायची, बघू.

आईनं उत्तरेचं कौतुक बेतानंच केलं. जूनमध्ये रात्री अकराला ऊन बघून ती म्हणाली, एवढ्या उजेडात किती कामं झाली असती. पण काम नव्हतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं. ती खिडकीत बसून काकांना फोन करायची, लावणी कुठवर आली विचारायची. मग ऑगस्टमध्ये तिनं खालच्या मजल्यावरच्या बिर्गिटबाईंना गाडीत लाकडं भरताना पाहिलं. बिर्गिटबाई सत्तरीच्या, एकट्या. त्यांचं तळ्याकाठी एक लहानसं घर आहे आणि तिथं चूल आहे. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर आई बाल्कनीत बसून काटक्यांची मोळी सोडत होती.

मी तिला समजावलं की आपल्याकडे चूल नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"हितं वारा कुटनं येतो?"

चार वर्षं राहून मला ते सांगता आलं नाही. तिनं दोन दिवस बाल्कनीत उभं राहून स्वतःच ठरवलं आणि वाऱ्याच्या बाजूला रचायला घेतलं. रोज पलीकडच्या रानातून पडलेल्या फांद्या आणायची. बिर्गिटबाईंकडे एक तोडलेलं बर्चचं झाड होतं, त्याचे ओंडके त्यांनी दिले, कुऱ्हाडही दिली. विमानात कोयता आणता आला नाही याचं आईला मनापासून वाईट वाटलं. खाली जाड, वर बारीक, कोपऱ्याला लाकडं आडवी घालून तिनं छातीएवढी चवड रचली. वर माझा न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा काढून पांघरला, त्यावर बदकं होती.

मला फार आनंद झाला होता, हे कबूल करते. जी बाई हिवाळ्यासाठी सरपण रचते ती हिवाळ्यात इथंच राहणार, दुसरा अर्थ काय? मी तिच्यासाठी जाड कोट आणला, बर्फात चालायचे बूट आणले. इमारतीच्या कमिटीची चिठ्ठी आली की बाल्कनीत लाकडं ठेवू नयेत, आगीचा धोका असतो. सोसायट्या सगळीकडे सारख्याच. मी ती चिठ्ठी लपवली. बिर्गिटबाईंना मी सांगूनही टाकलं, आई राहतेय.

शेवटची ढलपी लावून झाली त्या संध्याकाळी आईनं हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि परतीचं विमान कधीचं आहे ते विचारलं.

मी कागद पुढे केले. तिनं ते वाचल्यासारखं केलं, नीट एकावर एक ठेवले आणि परत दिले.

"हितं समदं हाय गं," ती म्हणाली. "मला कराय काय न्हाई."

आणि मग मला आठवलं. मी लहान असताना आई वैशाखात माहेरी जायची, पंधरा दिवस, कधी महिनाभर. जायच्या आधीचे आठ दिवस ती झपाटल्यागत राबायची. पाण्याची पिंपं भरलेली, पीठ दळलेलं, चटणी कुटलेली, सरपण दारापर्यंत. बाबा हसायचे, तर ती म्हणायची की रिकामं घर पाठीमागं ठेवून मला जाता येत नाही. पडवीतली चवड उंच व्हायला लागली की मी रडायला लागायचे, कारण मला कळायचं. सात वर्षांची असताना जे कळत होतं ते पस्तिसाव्या वर्षी कळलं नाही. माझ्या बॅगांत तांदूळ कोंबणारीही हीच बाई होती. तेवढ्या एका वेळी घर तिचं होतं आणि जाणारी मी होते, म्हणून तिनं घराऐवजी माणूसच भरून पाठवलं.

ती सप्टेंबरात गेली, बर्चची पानं पिवळी झाली होती. कोट तिनं नेला नाही. लाकडं मी आणि बिर्गिटबाईंनी सात फेऱ्या करून त्यांच्या तळ्याकाठच्या घरी नेली आणि हिवाळ्यात दर रविवारी तिथं चुलीपुढे बसून जाळली. फेब्रुवारीत आईनं फोनवर विचारलं, सरपण पुरलं का? पुरलं म्हणून सांगितलं. कुठं जाळलं ते सांगितलं नाही.

यंदा मे महिन्यात मी दीड महिन्याची रजा काढून औंढ्याला गेले. परतीचं तिकीट होतं, पण ते वापरायचं नाही असं जवळजवळ ठरवलं होतं. तळेगावला जुन्या साहेबांनी पुन्हा बोलावलं होतं. आईला तसं म्हणालेही, इथंच राहीन बहुतेक. ती बरं म्हणाली. पहिले तीन आठवडे मी सुखात होते. नंतर दुपारी आडवी झाले की स्वीडनच्या लॅबचा, तिथल्या माझ्या रिकाम्या जागेचा विचार यायचा. आईला तो सांगितला नाही, स्वतःशीही नीट बोलले नाही. नुसतं बसवेना म्हणून एका सकाळी मागच्या दाराशी पडलेले आंब्याचे ओंडके दिसले ते फोडायला घेतले. आता घरात गॅस आहे, पण आंघोळीचा बंब अजून लाकडावरच तापतो. हाताला फोड आले. सहा दिवसांत पडवीत पत्र्यापर्यंत चवड लागली. पश्चिमेला ताडपत्रीही मीच बांधली.

सातव्या दिवशी आई चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या हातात दिला आणि चवडीकडे बराच वेळ बघत राहिली.

"कवाचं तिकीट हाय?" तिनं विचारलं.

तोवर परत जाण्याबद्दल मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. तारीख माझ्या तोंडून आपोआप बाहेर आली. आईनं कोपऱ्यातलं एक लाकूड ओढून काढलं, आडवं घातलं, हातानं दाबून पाहिलं आणि आत गेली. मी पडवीत बसून रडले. चहा गार झाला.

तुम्ही दोन्हीकडचे लोक मला विचारत असता की आता घर कुठलं म्हणायचं. स्वीडनमधून निघताना मी कचरा टाकते, फ्रिज रिकामा करते आणि कुलूप लावते. औंढ्यातून निघताना मला घर भरावं लागतं. मला तेवढ्यावरून कळतं.

आता तिकडे आषाढ आहे. काल मी फोन केला तेव्हा पत्र्याचा आवाज येत होता आणि आईला ओरडून बोलावं लागत होतं. मी विचारलं, सरपण पुरेल ना?

"पुरंल," ती म्हणाली. "तू येस्तोवर पुरंल."