बर्फाखाली चालणारा रेग्युलेटर

भाऊंना नाही म्हणायचं, हे मी कान्ह्याहून लोणावळ्याला निघतानाच ठरवलं होतं. तरी त्यांच्यासमोर बसल्यावर मी आधी इकडचं तिकडचंच बोलत राहिले.

भाऊ आमच्या बचाव पथकाचे प्रमुख. रेल्वेतून निवृत्त झालेले. भुशीपासून इंदुरीपर्यंत कुठंही माणूस पाण्यात गेलं की पहिला फोन त्यांना येतो. पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायला मला त्यांनीच शिकवलं. पथकात बाई मी एकटीच. त्या वर्षी हिमाचलात, उंचावरच्या गोठलेल्या तलावात बर्फाला भोक पाडून उतरायचं प्रशिक्षण होतं आणि त्यात माझी निवड झाली होती. कळल्याबरोबर भाऊंनी आपला स्वतःचा रेग्युलेटर सर्व्हिसिंग करून, नव्या पिशवीत घालून माझ्यासाठी काढून ठेवला होता.

"हा घेऊन जा," ते म्हणाले. "पवनेच्या धरणात, खाणीत, कुठं कुठं उतरलोय मी याच्यावर. एकदाही दगा दिला नाही."

"भाऊ, मला हा नको."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "का?"

रेग्युलेटर म्हणजे काय हे घरी आईलाही सांगावं लागलं होतं. "गॅसच्या टाकीला असतो तसला का?" तिनं विचारलं होतं, आणि तिचं फारसं चुकलं नव्हतं. टाकीत हवा प्रचंड दाबानं कोंबलेली असते. टाकीच्या तोंडावर बसणारा रेग्युलेटरचा पहिला भाग तो दाब उतरवतो आणि ओठांत धरायचा दुसरा भाग आपण ओढू तेवढीच हवा देतो. अडचण अशी, की दाब उतरला की हवा गार पडते. आपल्या धरणांत ते जाणवतही नाही. पण पाणीच गोठायच्या बेतात आलेलं असलं, तर पहिल्या भागात शिरलेलं पाणी आतल्या स्प्रिंगभोवती गोठतं. मग झडप उघडी ती उघडीच राहते आणि हवा भसाभसा वाहत सुटते. बघता बघता टाकी रिकामी. डोक्यावर बर्फ, आणि बाहेर यायला एकच भोक.

प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी हे सगळं मला फोनवर समजावलं होतं. पहिला भाग सीलबंद असायला हवा, त्यात पाणी शिरता कामा नये. तोंडातला भाग शक्यतो धातूचा, कारण भोवतालच्या पाण्यात असेल नसेल ती ऊब धातू आत पोचवतो. भाऊंच्या रेग्युलेटरला पाणी आतबाहेर करायला चक्क भोकं होती.

मी सांगत गेले, ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पाणी ते पाणी. तिथलं काय वेगळं असतंय? उगाच घाबरवतात."

"मग बघूया ना."

"कुठं बघतेस? मावळात बर्फ कुठाय?"

बर्फाची सोय माझ्याकडं होती. मी तळेगावच्या बाजूला गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये काम करते. फुलं काढल्यावर ती ज्या कोल्ड रूममध्ये ठेवतात, ती माझ्या ताब्यात असते. फेब्रुवारीतली परदेशच्या मालाची धांदल उरकली होती आणि खोली जवळजवळ रिकामी होती. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "फुलांना धक्का लावू नकोस. बाकी काय करायचं ते कर, पण आजारी पडलीस तर रजा मिळणार नाही."

माणूस मावेल एवढी पाण्याची टाकी मी खोलीत आणवली, भरून एक रात्र गार होऊ दिली आणि सकाळी बर्फाच्या लाद्या फोडून तिच्यात टाकल्या. भाऊ स्वेटर आणि कानटोपी घालून आले. स्वतःचा रेग्युलेटर त्यांनी स्वतःच्या हातानं जोडला. त्याशिवाय आणखी दोन होते. एक पुण्यातल्या दुकानदारानं परत करायच्या बोलीवर दिलेला, हलका, देखणा. मी तलावाचं सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला होता, "मॅडम, इतक्या थंडीत मुद्दाम कोण उतरतं?" दुसरा गोव्याच्या एका ओळखीच्या पाणबुडीणीनं दिलेला, जड, सीलबंद, धातूचा. तिनं तो परदेशातल्या थंड समुद्रांत वापरला होता.

जाड सूट घालून मी टाकीत गुडघे टेकले आणि डोकं पाण्याखाली घेतलं. कपाळावर वरवंटा ठेवावा तशी कळ आली. सुरुवातीला भाऊंच्या रेग्युलेटरनं छान हवा दिली. मनातून मला बरंही वाटलं. तो चालला असता तर पुढचं सगळंच सोपं झालं असतं. मग मी जोरजोरात श्वास ओढायला लागले, आणि थोड्या वेळानं दातांशी फुसफुस सुरू झाली. ती वाढत गेली आणि एकदम तोंडात वादळ घुसलं. मी उभी राहिले. भाऊंनी हवेच्या टाकीची झडप बंद केली, रेग्युलेटर वर उचलला. त्याच्यावर पांढरा बर्फ धरला होता. भाऊंनी तो अंगठ्यानं घासून पाहिला.

"याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "हा आपल्या पाण्याचा आहे. पुढचा लाव."

हलक्यानं जास्त दम धरला. पण पाण्यात वरखाली व्हायच्या जॅकेटमध्ये त्याच टाकीतली हवा भरत भरत श्वास घेतला, तेव्हा त्याचीही फुसफुस सुरू झाली. मी त्याला बाजूला ठेवलं. जड रेग्युलेटर लावल्यावर भाऊ टाकीच्या काठावर वाकले. "असा सावकाश नको ओढूस. घाबरलेलं माणूस ओढतं तसा ओढ." मी तशी ओढत राहिले. जबडा दुखला, बोटांची जाणीव गेली, ओठ माझे राहिले नाहीत. तो मात्र एकसारखा हवा देत होता. भाऊंनी खांद्यावर थाप मारली तेव्हाच मी वर आले.

"हाच," दोघंही एकदमच म्हणालो.

हे ऐकून प्रशिक्षक बाई खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी झापलं. तुमची टाकी म्हणजे तलाव नव्हे, सीलबंद रेग्युलेटरही गोठू शकतो; म्हणून तसेच दोन आणा, हवेच्या टाकीच्या दोन वेगळ्या झडपांवर, आणि एक वाहायला लागला तर तो बंद करून दुसऱ्यावर जायचा इतका सराव करा की विचार करावा लागू नये. दुसरा भाऊंनी शोधला. कुणाकुणाला फोन केले ते त्यांनी मला सांगितलं नाही. मग कामावर जायच्या आधी पवनेच्या पाण्यात सराव सुरू झाला. डोळे मिटून मागे हात न्यायचा, चुकीची झडप हाती आली की भाऊ काठावरून ओरडायचे, "मेलीस! परत!" मी परत करायची.

निघायच्या आदल्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, भाताचं खाचर नीट करून घरी आले आणि माझ्या बॅगांकडं बघत दारातच बसले.

"तितं कुनी बुडालंय का?"

"नाही, आबा."

"मग लोकास्नी काडायचं न्हाई, कुनाचं काम न्हाई, तर मरनाच्या थंडीत जातीस कशाला?"

"म्हणूनच जाते," मी म्हणाले. इतकी वर्षं मी पाण्यात उतरले ती कुणाला तरी शोधायलाच. गढूळ पाण्यात हातानं चाचपडत, हाताला काय लागेल या धसक्यात.  आबा उठले आणि आपली लोकरी कानटोपी आणून बॅगेवर ठेवली. "लय खोल जाऊ नगं," एवढंच म्हणाले.

तलावाच्या बर्फाला त्रिकोणी भोक पाडलं होतं. बाईंची सक्त ताकीद होती, की पाण्याबाहेर रेग्युलेटरमधून एकही श्वास घ्यायचा नाही. श्वासातली वाफच आत गोठते. मी पाण्यात बुडल्यावर पहिला श्वास घेतला. हवा इतकी गार होती की घशातून कुठवर गेली ते कळत होतं. दोरी कमरेला होती. शेजारी उतरलेल्या बाईंनी खूण केली, मी मागे हात नेला, पहिली झडप बंद केली, दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतला. विचार करावा लागला नाही. मग त्यांनी खाली बोट दाखवलं.

तळाचे दगड दिसत होते. एकेक वेगळा, करडे, तांबूस, एकावर पांढरी रेघ. वरच्या बर्फातून निळसर उजेड झिरपत होता आणि माझे बुडबुडे बर्फाच्या पोटाला लागून पाऱ्यासारखे पळत होते. शोधायचं काहीच नव्हतं. मी नुसती बघत होते.

दुपारी गावात रेंज मिळाली तेव्हा भाऊंना फोन लावला.

"चालला का?"

"चालला."

"आता आल्यावर पथकातल्या सगळ्यांना हा झडपांचा सराव द्यायचा. आपल्याकडं गोठत नाही म्हणून काय झालं, बिघडू तर शकतो. आधी मला दे."

"तुम्हाला?"

"का? मी काय म्हातारा झालो?"

मी हसत फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं होतं. मुक्कामाच्या खोलीत बुखारी, म्हणजे लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, पेटली होती. दोन्ही रेग्युलेटर मी तिच्यापासून थोडे लांब, कोरड्या पंच्यावर मांडले आणि आतला थेंबन् थेंब पुसायला बसले.