सव्वा सूत

परदेशात कुणीतरी हा इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा बोर्ड काढला आणि पिनांच्या दोन गटांमधलं अंतर चुकवलं. बाकी सगळीकडे पिना सारख्या अंतरावर, आणि नेमकं इथं दीड घर. चूक सुधारतात कसलं डोंबल, सगळ्या जगानंच तिची सवय करून घेतली. त्यावर बसवायला बाजारात मिळणाऱ्या भोकांच्या पट्टीला मात्र एक घर कळतं, दोन कळतात, दीड कळत नाही. तीन गट बसायचे, चौथा बाहेर. घोडं तिथंच अडलं.

मंदीचं वर्ष होतं. माझा थोरला भाऊ, दादा, सातपूरच्या एका कारखान्यात बारा वर्षं फिटर होता, पण ठेकेदाराकडून. कमी करायच्या यादीत त्याचं नाव आलं. त्यात त्याच्या पत्रा कापणाऱ्या प्रेसचे ठोके मोजणारा काउंटर बंद पडला. सुपरवायझर म्हणाला, "स्वस्तात बनवून आण, एक पाळी चालवून दाखव, मग तुझ्यासाठी वर बोलतो." दादानं लगेच हो म्हटलं, कारण घरात मी होते, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून टीव्ही दुरुस्त करणारी. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. काउंटरसाठी मी हाच बोर्ड घेतला.

उपाय सोपा होता. चौथ्या गटाला सुट्या तारा जोडायच्या. गबाळं दिसलं असतं, पण टिकलं असतं. दादाला पटेना.

"तायडे, लोंबत्या तारा घेऊन गेलो तर हसतील मला. फिटरचं काम फिटरसारखं दिसायला पाहिजे."

त्यानं बोर्ड डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "सव्वा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेली ही माणसं बारीक मापाचा व्हर्नियर खिशात ठेवून सुतात बोलतात. दादाचा डोळा पक्का होता, पण पत्र्यासाठी. इथं हवं होतं चार मिलिमीटर आणि वर किंचित. सव्वा सूत चारला किंचित कमी भरतं, त्यात हातानं पाडलेली भोकं. बेकेलाइटच्या तुकड्यात त्यानं पिना ओवल्या, मी सोल्डरचे डाग दिले. मग त्यानं तो तुकडा बोर्डावर ठेवून अंगठ्यानं दाबला.

चौथ्या गटातल्या पिना कललेल्या मला दिसल्या. प्रेसचा ठोका सांगणारी तार त्याच गटात होती.

"बसलं का नाही बघ," दादा म्हणाला आणि हसला. कित्येक महिन्यांत तो हसलाच नव्हता. मी म्हटलं, "मस्त." काय मस्त, कपाळ माझं.

घरी टेबलावर काउंटर बिनचूक चालला. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला. मग हादऱ्यांनी पिना सैल झाल्या, आकडा अडकला आणि खाली माल पडतच राहिला. सुपरवायझर ओरडलाही नाही. "राहू दे आता," एवढंच म्हणाला. महिनाअखेरीस दादाचा गेटपास काढून घेतला.

पुढं एकदा मी त्याच बोर्डाला सुट्या तारा जोडल्या आणि दणादण टेबल ठोकून पाहिलं. एकही आकडा चुकला नाही. रडू आलं. दादाला दाखवलं नाही, दाखवून उपयोग काय होता?

दादा आता नाशिक रोडला एका सोसायटीच्या गेटवर बसतो. पाहुण्यांपुढं विषय निघाला की म्हणतो, "हिचं काम चोख होतं, माझंच माप चुकलं. विचारा हिला."

आणि मी मान डोलावते.